मी मौन घेतलं नव्हतं

आवाज गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी लाज वाटते. भीती नंतर येते. निदान माझं तरी तसं झालं. गावातला मारोती सुतार गेले कित्येक दिवस माझ्या मागे लागला आहे, "गुरुजी, लिहून काढा, कोनाच्या तरी कामी पडन," म्हणून लिहितो आहे. ज्यांचा आवाज बसलाय आणि जे आपोआप सुटेल म्हणून वाट बघत बसलेत, त्यांच्यासाठी हे आहे. वैद्यकातलं मला फारसं कळत नाही. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. माझ्यावर जे गुदरलं तेवढंच मला सांगता येईल.

माझा आवाज

आधी माझा आवाज कसा होता ते सांगायला हवं, कारण आता माझं बोलणं ऐकणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. आमचं गाव पवनारपासून दोन कोसांवर, धाम नदीच्या काठी. मी वर्गात ओरडलो की नदीपलीकडच्या वावरात वखर हाणणारा गडी बैल थांबवतो, असं लोक म्हणायचे. मी रागीट माणूस. पाढा चुकला की ओरडायचो, भाजीत मीठ जास्त पडलं की ओरडायचो, आणि आपण उगाच ओरडलो याचा राग आला की आणखी ओरडायचो. माझी बायको यमुना आर्वीकडची. तिच्या माहेरी गवळाऊ गाईंचा मोठा कळप. ती म्हणायची, "आमच्या घरी ढोरावरही कोनी इतकं वरडत नाई."

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती. त्या वर्षी हिवाळ्यात गावात भूदानाची पदयात्रा आली. घोषणा, सूचना, गाणी, सगळं माझ्या गळ्यावर होतं. लाउडस्पीकर नव्हता, आणि मी असताना तो लागेल असं कुणाला वाटलंही नाही. दोन दिवस मी अखंड ओरडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चार वर्षांच्या कुसुमला हाक मारली, तर तोंडातून नुसती हवा आली.

पवनारच्या दवाखान्यातल्या कंपौंडरनं बॅटरी मारून घसा पाहिला, आत औषध लावलं आणि म्हणाला, "गळा बसला, गुरुजी. आठ दिवस बोलू नका." साधी गोष्ट होती. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

पाटी

मी काखेत एक पाटी बाळगायला लागलो. तिच्यावर लिहिलं होतं, 'आठ दिवस बोलणार नाही.'

आमच्या भागात त्या काळी न बोलण्याला फार मान होता. आठवड्यातून एक दिवस मौन पाळणारी माणसं सेवाग्राम-पवनारच्या वाटेवर सहज भेटायची. खादी नेसणारा, रोज टकळीवर सूत काढणारा आणि रागासाठी बदनाम असलेला मास्तर पदयात्रा येऊन गेल्यावर एकाएकी बोलेनासा झाला. गावानं त्याचा एकच अर्थ लावला. गुरुजींनी राग जिंकायला मौन घेतलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात पाटलांनी मला आधी नमस्कार केला. एरवी तो मीच करायचो. एक म्हातारी नातवाला माझ्या पायावर घालून गेली. बांधावरून भांडणारे दोन भाऊ माझ्याकडे न्याय मागायला आले, तासभर माझ्यासमोर एकमेकांना वाट्टेल ते बोलले, मी काहीच बोलेना तेव्हा ओशाळले आणि आपसात मिटवून घरी गेले. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की वर्गातली शांतता वाखाणण्यासारखी आहे. मारोती सुतार तर रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ नुसता बसायचा. उठताना म्हणायचा, "तुमच्यापाशी बसलं का मन कसं थंड होते, गुरुजी."

मला हे आवडलं. खोटं कशाला बोलू? आजवर माणसं मला पाहून धाकानं गप्प व्हायची. आता आदरानं गप्प होत होती, आणि तो फरक मला चांगला कळत होता.

आठव्या दिवशी मी एकटाच नदीवर गेलो. आसपास कुणी नाही असं पाहून छाती भरून घेतली आणि हाक मारली. फुंकर निघाली. पुन्हा मारली. दम लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज आला नाही. समोर पाण्यात एक बगळा उभा होता. तो उडालासुद्धा नाही.

मी तिथेच वाळूत बसलो. मला माझा थोरला भाऊ आठवला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याचाही आधी आवाजच बसला होता. मग खोकला आला, मग रोज संध्याकाळचा ताप, आणि वर्षाच्या आत आम्ही त्याला याच काठावर आणून जाळला होता. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. 'दादाचं दुखणं' एवढंच म्हणत.

घरी येऊन मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'आणखी पंधरा दिवस.' ते संपल्यावर 'आणखी एक महिना.' आवाज का गेला हे मला शोधायचंच नव्हतं, कारण शोधलं तर दादाचं दुखणं निघेल याची मला खात्री होती. दुखण्याला मौन म्हटलं की प्रश्नच मिटत होता. हा भित्रेपणा होता. आज तो कबूल करायला मला काही वाटत नाही, तेव्हा मात्र मी स्वतःशीही कबूल केला नव्हता.

गाईचा खोकला

यमुनेला माझं मौन सुरुवातीला फार आवडलं. कुणाला आवडणार नाही? पण तिचं लक्ष होतं. पाणी प्यायलो की मला ठसका लागायचा. चार पावलं चाललो की धाप लागायची. एका दुपारी जेवताना ताक श्वासात गेलं आणि मी खोकत सुटलो. तो खोकला मलाच परका वाटायचा. पोकळ, लांबलचक, जोर नसलेला. यमुना भाकरी थापत होती, ती थांबली.

"हा खोकला मानसाचा नाई," ती म्हणाली. "गाय खोकते अशी. गाईले गळा आवळून खोकता येत नाई. तुमाले काऊन नाई येऊन राह्यलं?"

मी पाटीकडे हात नेला. तिनं पाटी उचलली आणि चुलीमागे टाकली.

"पाटी नका दाखवू मले. जसं येईन तसं बोला."

मी बोललो. म्हणजे हवेतच शब्द सोडले. "आवाज नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

"म्हंजे मौन नाई?"

मी मान हलवली.

"अन् मी दोन महिन्यांपासून साऱ्या गावाले सांगून राह्यली का आमचे हे सुधरले!"

आधी ती रागावली, मग रडली, आणि मग तिनं अबोला धरला. दोन दिवस घरात दोन मुकी माणसं आणि एक बडबडी पोर. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ओसरीवर गाठोडं बांधलेलं. तिचा भाऊ कुसुमला आर्वीला न्यायला आला होता.

"चला नागपूरले," ती म्हणाली. "दादाजीचं दुखणं असन तं असन. नाव तरी माहीत पडन. नाव न घेता मरायचं आहे का तुमाले?"

गावात तिनं एवढंच सांगितलं की गुरुजी काही दिवस बाहेरगावी राहणार आहेत. साधनेला चालले, असं गावानं आपसात ठरवून टाकलं. मोटार सुटताना दोघा-तिघांनी हात जोडले. यमुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर तोंड वळवलं.

आरसा

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात आम्हाला तपासणारे डॉक्टर पन्नाशीचे होते. कपाळावर पट्ट्यानं बांधलेला गोल आरसा, भोवती पाच-सहा विद्यार्थी. मला बोलता येत नसल्यानं सगळी हकिकत यमुनेनं सांगितली, मी फक्त खोकून दाखवलं. "गाईवानी खोकतात," असं ती म्हणाली तेव्हा विद्यार्थी हसले. डॉक्टरांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? आमच्या घरी गाई आहेत. लहानपणापासून आयकून राह्यली मी."

डॉक्टर विद्यार्थ्यांकडे वळले. "आपल्या पुस्तकांत या खोकल्याला हेच नाव आहे. गाईचा खोकला. तुम्ही सगळ्यांनी ते पाठ केलंय, पण आत्ता यांनी खोकून दाखवलं तेव्हा तुमच्यापैकी एकालाही ओळखता आलं नाही. स्वराच्या दोन पट्ट्यांपैकी एक हलत नसेल तर माणूस असा खोकतो." मग त्यांनी यमुनेला चक्क नमस्कार केला. ती पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली.

त्यांनी लांब दांडीचा एक लहानसा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला आणि आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला. माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, आरसा घशात सरकवला आणि म्हणाले, "ई म्हणा." मला उबळ आली. दुसऱ्यांदाही आली. तिसऱ्यांदा जमलं. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मग जे त्यांना करायची काही गरज नव्हती ते त्यांनी केलं. माझ्या हातात दाढीचा आरसा दिला, तो थोडा तिरका केला आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्हीही बघा."

मी माझा गळा आतून पाहिला. खोल, ओलसर, लालट जागेत दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, नखाएवढ्या. मी ई म्हणायचा प्रयत्न केला. उजवी लगबगीनं मध्ये आली. डावी जागची हलली नाही. दोघींमध्ये फट राहिली, आणि तीतून माझी हवा निसटून गेली. आजवर मी ज्यांच्या जोरावर घराला, शाळेला, गावाला धाकात ठेवलं होतं, त्या या एवढ्याशा दोन पट्ट्या! मला इतकं नवल वाटलं की आपण आजारी आहोत हेच घडीभर विसरलो. डॉक्टरांनी आरसा काढायला घेतला तेव्हा मी त्यांचा हात धरून आणखी एकदा दाखवायला लावलं.

"पट्टी हलत नाही, एवढं कळलं," ते म्हणाले. "पण पट्टी चांगली आहे. तिच्यापर्यंत हुकूम पोचत नाही. तो का पोचत नाही, हे आता शोधायचं. खरं काम तेच आहे."

धागा

मला वॉर्डात ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवर हिंगणघाटच्या गिरणीत काम करणारे रामाजी होते. त्यांच्या गळ्याला पुढून भोक पाडून धातूची नळी बसवली होती. बोलायचं असलं की नळीवर बोट ठेवत, मग घोगरा शब्द बाहेर पडे. बोट काढलं की नुसता श्वास. पहिल्याच दिवशी त्यांनी बोट ठेवून मला विचारलं, "मास्तर, तुमची तं नळीही नाई. मंग काऊन बोलत नाई?" मला हसू आलं. कित्येक दिवसांत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले आणि त्यांना माझ्या पिशवीतली टकळी दिसली. त्यांनी तिच्यावरचा हातभर धागा तोडून घेतला. एक टोक माझ्या कानामागे धरलं.

"पट्टीला हुकूम नेणारी ही शीर इथून, डोक्यातून निघते. मानेतून खाली येते. गळ्याच्या अगदी शेजारून जाते, पण तिथे थांबत नाही." त्यांनी धागा माझ्या छातीवर सोडला. "गुरुजी, इथे अंगठा धरा. हा हृदयातून निघणारा मोठा रक्ताचा नळ समजा." मी अंगठा धरला. त्यांनी धागा अंगठ्याखालून घेतला, वळसा दिला आणि पुन्हा वर गळ्यापर्यंत आणला. "अशी परत वर चढते आणि मग डाव्या पट्टीला हलवते. या वाटेवर कुठेही तिच्यावर दाब आला की पट्टी थांबते. दुखणं छातीत असतं आणि माणूस गळ्याला औषध लावत बसतो."

मी खाली मान घालून त्या धाग्याकडे पाहत राहिलो. माझ्याच हातचं सूत होतं ते. 'कुसुम' अशी हाक मारायची तर तिचा हुकूम आधी माझ्या काळजाखालून जाऊन यायचा, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"येवढी दूर काऊन गेली?" यमुनेनं विचारलं. "गळ्यापाशी आली होती तं तेथंच शिरायचं."

डॉक्टर मूळचे अमरावतीकडचे. ते खाटेच्या कडेवर बसले आणि तिच्याच बोलीत बोलू लागले. "बाळ आईच्या पोटात असते ना बाई, तवा सुरुवातीले त्याचं काळीज गळ्यापाशीच राह्यते. मंग मान लांबते, काळीज खाली छातीत उतरते. ही शीर त्या नळाखालून आधीच गेली राह्यते. काळीज उतरलं का तिलेही संगं ओढत नेते."

यमुनेनं आपला हात आपल्या गळ्यावर ठेवला.

"म्हंजे आपलं साऱ्याईचं काळीज पहिले गळ्यात होतं," ती हळूच म्हणाली.

"हाव," डॉक्टर म्हणाले. "साऱ्याईचं."

मी मुलांना वर्षानुवर्षं शरीराचा धडा शिकवला होता. हाडं पाठ करून घेतली होती, चुकणाऱ्यांना उभं केलं होतं. आणि हे एवढं आश्चर्य मी छातीत घेऊन हिंडत होतो.

मग डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्या स्पष्टपणाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. छातीतल्या त्या मोठ्या नळालाच फुगवटा आला असेल तर तो कधी फुटेल सांगता येत नाही. वाईट गाठ असेल तर ते खोटा धीर देणार नाहीत. कधी कधी काहीच कारण सापडत नाही. आणि क्षयाच्या गाठींनी शीर दाबली असेल, तर त्यावर आता औषध आहे.

यमुनेनं माझ्याकडे पाहिलं. ज्या नावाच्या भीतीनं मी दोन महिने मुका होऊन बसलो होतो, तेच नाव निघू दे म्हणून मी त्या दिवसापासून देवाचा धावा करू लागलो.

अंधारी खोली

एक्स-रेच्या खोलीत यमुनेला सोडायला तिथला माणूस तयार नव्हता. डॉक्टर त्याला म्हणाले, "या गुरुजींचा आवाज आहेत. येऊ द्या."

दार लावलं. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. डोळे सरावायला हवेत म्हणून पंधरा मिनिटं आम्ही तिघं तसेच बसलो. यमुनेनं माझी करंगळी धरून ठेवली होती. मग मला एका थंड फळीमागे उभं केलं, खडू कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायला दिलं, आणि यंत्र घरघरू लागलं.

छातीतलं ज्याच्यावर दिसतं तो पडदा माझ्या छातीला लागून होता आणि त्याचं तोंड पलीकडे होतं, त्यामुळे मला तो दिसत नव्हता. पडद्याचा हिरवट उजेड यमुनेच्या तोंडावर पडला होता, तेवढंच मला दिसत होतं. ती माझ्या छातीकडे बघत होती. तिचे ओठ उघडे राहिले होते. डोळे भरून आले तरी तिनं ते पुसले नाहीत, पुसताना काही बघायचं राहून जाईल म्हणून असेल. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझ्याकडे कुणी असं पाहिल्याचं मला आठवत नाही.

"नळ ठीक आहे," डॉक्टरांचा आवाज आला. "फुगवटा नाही." मग बऱ्याच वेळानं, "इथे, वळशाच्या खाली, गाठी दिसताहेत."

बाहेर उन्हात आल्यावर ती पायरीवर बसली.

"पाह्यलं मी," ती म्हणाली. "सारखं हलून राह्यलं होतं. एक घडी थांबत नाई थे. तुमी इतके वरडत, मले वाटे या मानसाले काळीजच नाई."

मी तिच्या शेजारी बसलो.

नाव

गाठी कशाच्या, ते त्या चित्रावरून कळत नव्हतं. माझ्या मानेतली एक बारीकशी गाठ काढून तपासायला पाठवली. उत्तर यायला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस मोठे वाईट गेले. सकाळी थर्मामीटर, मग चहा, मग फेरी, आणि प्रत्येक पावलाकडे कान. मला पाणी पिताना ठसका लागतो हे एका नर्सबाईंच्या लक्षात आलं. हनुवटी छातीला टेकवून घोट घ्यायला त्यांनी मला शिकवलं. इतकी लहान युक्ती, पण दोन महिन्यांत मी पहिल्यांदा तांब्याभर पाणी सुखानं प्यायलो. रामाजी नळीवर बोट ठेवून मला गिरणीतल्या गोष्टी सांगत. मी ऐकतो म्हणून ते खूश होते. ऐकण्याची सवय तेवढी त्या खोट्या मौनातून मला खरी लागली होती.

नवव्या दिवशी डॉक्टर आले. "क्षय," ते म्हणाले. "गाठींचा. थुंकी स्वच्छ आहे, त्यामुळे घरच्यांना धोका नाही. औषध दीड वर्ष घ्यावं लागेल, एक दिवसही चुकवायचं नाही. बरे व्हाल."

यमुनेनं त्यांच्या पायांना हात लावला. मला एकच विचारायचं होतं, आणि ते मला पाटीवर लिहायचं नव्हतं. सगळा श्वास लावून मी विचारलं, "माझा भाऊ गेला तेव्हा हे औषध होतं?"

किती वर्षं झाली, त्यांनी विचारलं. मी बोटांवर दाखवलं.

"नव्हतं," ते म्हणाले.

तेव्हा मी रडलो. सुटलो म्हणून आणि दादासाठी, दोन्ही एकदमच. माझ्या रडण्यालाही आवाज नव्हता.

उजवी पट्टी

पुढचे महिने इंजेक्शनांचे आणि कडू पुड्यांचे. सुट्टी संपवून शाळेत रुजू झालो. रोज सायकलनं पवनारच्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायला जायचो, आणि गुरुजी रोज आश्रमात जातात असं गावात म्हणायचे. घरात यावरून कटकट व्हायची. "सांगून टाका लोकाईले," यमुना म्हणायची. आवाज आल्यावर सांगतो, असं मी कुजबुजायचो. खरं कारण वेगळं होतं. लोकांचे नमस्कार सोडवत नव्हते. पुढे मारोती सुतार यायचा बंद झाला आणि त्यानंही माझं पाहून मौन घेतल्याचं कानावर आलं तेव्हा तर मला आतून बरं वाटलं. हे लिहिताना मला त्याची शरम वाटते.

आठव्या-नवव्या महिन्यात फुंकरीत थोडा थोडा सूर भरू लागला. एका सकाळी कुसुम अंगणात होती आणि मी घरातून "कुसुम" म्हणालो. ती दारात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "कोन बोललं?"

आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा आरसा गरम केला, पुन्हा दाढीचा आरसा माझ्या हातात दिला. डावी पट्टी सुटली असणार अशी माझी खात्री होती. मी ई म्हणालो. डावी होती तशीच पडून होती. पण उजवी मधोमध येऊन थांबली नाही. ती आपली हद्द ओलांडून पलीकडे गेली आणि डावीला जाऊन टेकली.

"डावीची शीर फार दिवस दबून राहिली, ती आता बहुतेक परत यायची नाही," डॉक्टर म्हणाले. "पण उजवीनं तिच्यापर्यंत जायची सवय करून घेतली. हे मी केलेलं नाही आणि औषधानंही केलेलं नाही. ओरडता येणार नाही तुम्हाला. बोलता येईल."

मी किती तरी वेळ बघत राहिलो. कुणी न सांगता, कुणी न शिकवता ती रोज थोडी थोडी पलीकडे सरकत गेली असणार, मी नमस्कार घेत हिंडत होतो तेव्हासुद्धा. मी हात जोडले. कुणाला, ते मला नीट सांगता येणार नाही.

कडुनिंबाखाली

परत आल्यावर मला राहवेना. मी पाटलांना जाऊन सांगितलं की मला बोलायचं आहे. गावानं लगेच मौन सोडण्याचा कार्यक्रम ठरवला. शाळेच्या पटांगणात कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या, मला हार घातला. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, सगळं गाव आलं होतं. गुरुजी दहा महिन्यांनी पहिला शब्द काय बोलतात, ते ऐकायला.

मी उभा राहिलो. माझा नवा आवाज पहिल्या तीन रांगांपलीकडे पोचत नव्हता, म्हणून लोक पुढे सरकले.

"मी मौन घेतलं नव्हतं," मी म्हणालो. "माझा आवाज गेला होता. मला भीती वाटली, सांगायची लाज वाटली, आणि तुम्ही मान दिलात तो मी घेत राहिलो. मला क्षय आहे. गाठींचा. औषध चालू आहे आणि मी बरा होतो आहे."

पाटील म्हणाले, "गुरुजी, हे काय बोलून राह्यले? आमच्या घरचे तुमच्या पाया पडले."

"पडले. मी पडू दिलं. चूक माझी आहे."

काही माणसं उठून गेली. मी हार काढून सतरंजीवर ठेवला. तेवढ्यात यमुना बायकांमधून उठली आणि सरळ पुरुषांच्या बाजूला चालत गेली. मागे कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून मारोती सुतार बसला होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मारोतीभाऊ, बोला."

मारोतीनं मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं.

"बरं. मंग खोकून दाखवा."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मारोतीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी ओळखलं, कारण नदीवरच्या त्या सकाळी ते माझ्याही डोळ्यांत असणार. मी त्याला हातानं खूण केली. तो खोकला.

पोकळ, लांबलचक, जोर नसलेला खोकला. सगळं गाव तो ऐकत होतं. यमुनेनं मान कलती करून तो शेवटपर्यंत ऐकला, माहेरच्या गोठ्यात ऐकत असेल तसा.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

मारोतीनं दोन बोटं वर केली. दोन महिने. मग त्यानं तोंड उघडलं आणि नुसत्या हवेत म्हणाला, "गुरुजी, मले वाटलं तुमचं मौन खरं होतं."

मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नागपूरची मोटार सकाळी सातला आहे," मी म्हणालो. माझा आवाज तेवढाच होता, पण त्याला ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी मोटारीत आम्ही तिघं होतो.